स्मरणलेख : गावाने गमावलेल्या माणसांचे लेखन

प्रस्तावना

वृत्तपत्रीय लेखनाचा अभ्यास करताना निधनवार्ता हा बातमीचा छोटा प्रकार तुमच्या परिचयाचा झाला आहे. अमुक व्यक्ती निवर्तली, एवढी वस्तुस्थिती निधनवार्ता कळवते. ती व्यक्ती कोण होती, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. नामवंतांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अग्रलेख, मृत्युलेख, गौरवग्रंथ आणि पुढे चरित्रे देतात. आचार्य अत्रे यांनी 'मराठा'तून लिहिलेल्या मृत्युलेखांना मराठी गद्याच्या इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. परंतु दोन-तीन हजार वस्तीच्या गावात गेल्या वर्षी जी आठ-दहा माणसे वारली, ज्यांच्यावर कोणी अग्रलेख लिहिणार नाही, त्यांचे जीवन कोण शब्दबद्ध करणार? हे काम करणाऱ्या लेखनास आपण या घटकात 'स्मरणलेख' असे म्हणणार आहोत. मराठीच्या पदवीधराकडून गाव ज्या थोड्या गोष्टींची अपेक्षा करते, त्यांत हे लेखन येते. रक्षाविसर्जनाच्या वेळी दोन शब्द बोलण्यास किंवा पुण्यस्मरणाच्या पत्रिकेचा मजकूर लिहून देण्यास तुम्हांला कधी ना कधी सांगितले गेले असेल.

विवेचनासाठी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील उदाहरणे घेतली आहेत. आज हे जिल्हे वेगळे असले, तरी सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता आणि उरलेला भाग निरनिराळ्या संस्थानांत विभागलेला होता. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्हींकडील सोयरिकी, बोली, जत्रा आणि मृत्यूनंतरचे रीतिरिवाज एकमेकांत मिसळलेले आहेत. मृतांची आठवण ठेवण्याच्या अनेक जुन्या-नव्या पद्धती या एका टापूत शेजारी-शेजारी आढळतात, हे उदाहरणे येथून घेण्याचे मुख्य कारण होय.

निधनवार्तेतील माणूस

निधनवार्तेचा साचा तुम्हांला पाठ असेल. नाव, गाव, वय, 'वृद्धापकाळाने' किंवा 'अल्पशा आजाराने' निधन, 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावामुळे त्या सर्वांना परिचित होत्या', मग पश्चात असणारा परिवार आणि शेवटी रक्षाविसर्जनाची वेळ. या साच्याची टिंगल करणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. निधनवार्तेचे प्रयोजन व्यावहारिक आहे. कोणाकडे आणि केव्हा जायचे, हे पाहुण्यारावळ्यांना कळावे यासाठी ती असते. तिने हे काम केले की तिचे कर्तव्य संपले. 'मनमिळाऊ' हा शब्द तेथे सभ्यतेचा म्हणून येतो, वर्णनाचा म्हणून नव्हे.

अडचण उद्भवते ती या साच्यालाच आपण स्मरण समजू लागतो तेव्हा. चौकातील फ्लेक्सवरील 'भावपूर्ण श्रद्धांजली', प्रथम पुण्यस्मरणाची पत्रिका, रक्षाविसर्जनाच्या वेळची भाषणे आणि भ्रमणध्वनीवरील संदेश या सर्वांत त्याच पाच-सहा विशेषणांची ये-जा सुरू असते. 'मेलेल्या म्हशीला मणभर दूध' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. ती खोट्या स्तुतीला हसते, हे तर उघड आहे. पण तिच्यात आणखी एक तक्रार दडलेली आहे. म्हैस खरोखर किती दूध देत होती आणि कोणाच्या पोटात ते जात होते, हे मणभर दुधाच्या बोलण्यात विसरले जाते.

या भागातील एका विशेषाकडेही लक्ष द्या. गावात माणसाचे कागदावरचे नाव आणि हाकेचे नाव वेगळे असते. आख्खे गाव ज्यांना तात्या, आबा, आण्णा, बापू, आक्का किंवा काकी म्हणून ओळखते, त्यांचे पाळण्यातले नाव वर्तमानपत्रात वाचून शेजारच्या आळीतील माणूसही 'हे कोण?' म्हणून विचारतो. स्त्रियांच्या बाबतीत गुंता अधिक असतो. माहेरचे नाव एक, लग्नात ठेवलेले दुसरे आणि उभा जन्म 'अमक्याची आई' या तिसऱ्याच ओळखीवर गेलेला. स्मरणलेखाची पहिली पायरी ही तिन्ही नावे मिळवणे ही आहे. ती पायरी ओलांडताना बहुधा असे आढळते, की सासरच्या घरात माहेरचे नाव ठाऊक असणारे एकही माणूस उरलेले नाही.

दगड, वही आणि सांगावा

लिहिण्याची सोय नसलेल्या किंवा लिहिण्याचा अधिकार थोड्यांना असलेल्या काळात समाज मृतांना विसरत होता, असे मुळीच नाही. वाई तालुक्यातील किकली गावी भैरवनाथ मंदिराच्या परिसरात वीरगळांची मोठी संख्या पाहावयास मिळते. वीरगळाची वाचनरीत खालून वर अशी असते. तळच्या चौकटीत लढाई किंवा गुरे पळविणाऱ्यांशी झालेली झुंज आणि तीत पडलेला वीर, त्यावरील चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही आठवण टिको, असा त्याचा अर्थ. आठवण टिकली, यात शंका नाही. दगड शेकडो वर्षे उभे आहेत. पण महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नसते. मृत्यू कसा आला हे दगड सांगतो, कोणाला आला हे सांगत नाही. वीरगळाशेजारी कोठे सतीशिळा असते. तिच्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात कोरलेला दिसतो. त्या स्त्रीचे उरलेले आयुष्य, तिचे घर, तिची कामे यांतील एकही रेघ त्या दगडावर नाही. ज्या एका कृत्यामुळे ती मेली, तेवढेच तिचे स्मारक झाले.

सातारा शहराजवळ कृष्णा-वेण्णांच्या संगमावर माहुली येथे छत्रपतींच्या घराण्यातील समाध्या आहेत. तेथे शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात आणि त्याच्या इमानाची कथा लोक आवडीने सांगतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र त्याच नदीकाठाचे घाट ज्या हातांनी बांधले, त्यांच्याविषयी सांगण्यासारखे आज कोणापाशी काही नाही. स्मरण हे नेहमी निवड करीत असते. ही निवड कोण करतो आणि तिच्यातून कोण गळते, हा या संपूर्ण घटकाचा कळीचा प्रश्न आहे असे समजा.

याच जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभे राहिले. ४६ हा आकडा वर्तमानपत्रांतून वारंवार छापला जातो. त्यांपैकी एकाचे तरी नाव, त्याच्या घरी त्यावेळी कोण होते आणि तार आल्यावर त्या घराचे काय झाले, हे तुम्ही कधी वाचले आहे का?

वंशाची नावे जपण्याचे काम या भागात हेळवी करीत आले आहेत. कन्नड भाषेत 'हेळव' म्हणजे पांगळा. आपला मूळ पुरुष पांगळा होता व त्याला फिरण्यासाठी बैल देण्यात आला, अशी आख्यायिका ते सांगतात. सुगीनंतर बैलासह गावोगाव फिरणारे हेळवी अनेकांनी पाहिले असतील. ठरलेल्या घरी काही वर्षांच्या अंतराने ते येतात, मूळ पुरुषापासून घराण्याची नावे म्हणून दाखवतात, घराणे कोणत्या गावाहून येथे आले हे सांगतात आणि मागील फेरीनंतर घरात जन्मलेल्यांची नावे आपल्या वहीत चढवतात. त्याबद्दल त्यांना धान्य, कपडे किंवा रोख रक्कम मिळते. निरक्षर कुणब्याच्या घरालाही दहा-बारा पिढ्यांचा इतिहास असू शकतो, हे या भटक्या समाजाने दाखवून दिले. राजघराण्यांच्या बखरी लिहिल्या गेल्या, तशी ही साध्या घरांची बखर म्हणता येईल. तरीही वंशावळ ही मुळात पित्याकडून पुत्राकडे जाणारी रेषा आहे. लेकी त्या रेषेबाहेर जातात आणि ज्याला मूल नाही त्याच्यापाशी फांदी संपते.

मृत्यूची बातमी पोहोचविण्याची व्यवस्था हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दूरध्वनी नव्हते, त्या काळी मयताचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांना पायी जाऊन सांगण्याचे काम महार समाजावर गावकामगारीचा भाग म्हणून लादलेले होते. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, निघावे लागे. पोहोचल्यावर घराबाहेर उभे राहून बातमी सांगायची आणि भाकरीच्या तुकड्यावर परतायचे. आटपाडीचे शंकरराव खरात यांनी हे जीवन आतून पाहिले होते. त्यांच्या एका कथासंग्रहाचे नावच 'सांगावा' असे आहे, तर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'तराळ-अंतराळ' या आत्मचरित्राच्या शीर्षकात पाळीने गावकामगारी करणारा 'तराळ' आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर समाजाने ही कामे नाकारली आणि १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने संपुष्टात आली. थांबून विचार करा : पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या गावाच्या मृत्यूंची वार्ता ज्यांनी वाहिली, ते स्वतः वारले तेव्हा त्यांचा सांगावा घेऊन कोण गेले?

आज तो सांगावा क्षणात देशभर पोहोचतो. विटा, खानापूर, आटपाडी या भागातील अनेक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत स्थायिक झालेली आहेत. गावात एखादी आजी वारली, की तिचे छायाचित्र व हात जोडल्याच्या खुणा तासाभरात दक्षिणेतील एखाद्या शहरातील गलाई दुकानात पोहोचतात. वेग वाढला, मजकूर मात्र आखूड झाला. पायी येणारा सांगावेकरी निदान 'काल रात्री भाकरी खाल्ली, पहाटे छातीत कळ आली' एवढे तरी सांगत असे.

शेवटच्या साक्षीदारांचे जाणे

स्मरणलेखाचे महत्त्व ज्या उदाहरणाने सर्वाधिक स्पष्ट होते, ते आता पाहू. १९४२ च्या आंदोलनात ९ सप्टेंबर रोजी वडूज येथील मोर्च्यावर गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथेही गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तत्कालीन सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. हुतात्म्यांची नावे स्मारकांवर कोरली गेली. येरळेकाठच्या बलवडीत तर स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मृतीसाठी झाडे लावण्यात आली. नेत्यांची चरित्रे निघाली. परंतु चळवळ म्हणजे केवळ हुतात्मे व नेते नव्हेत. निरोप नेणारे, शस्त्रे लपविणारे, भूमिगतांना आसरा देणारे असे असंख्य लोक तीत होते. स्वातंत्र्यानंतर ते आपापल्या शेतीवाडीकडे वळले आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकामागून एक निघून गेले. जी. डी. बापू लाड २०११ मध्ये व नागनाथअण्णा नायकवडी २०१२ मध्ये निवर्तले. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांचे निधन २३ सप्टेंबर २०२१ रोजी झाले, तर कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे तुफान सेनेचे 'कॅप्टन भाऊ', ५ फेब्रुवारी २०२२ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षात वारले. (बापू, अण्णा, भाऊ. हाकेच्या नावाबद्दल वर म्हटले ते येथेही दिसते.)

हौसाबाईंविषयी 'ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक व क्रांतिसिंहांच्या कन्या' एवढे एक वाक्य कोणत्याही निधनवार्तेला पुरले असते. ते वाक्य खरे आहे आणि अपुरे आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांना गाठून, त्यांच्यापाशी बसून विचारले म्हणून एक प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्याबाहेर नवरा बायकोला मारझोड करीत असल्याचे सोंग वठविले गेले. बायको झाल्या होत्या तरुण हौसाबाई. पोलीस भांडण सोडविण्यास बाहेर आले आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी आतील शस्त्रे पळविली. या एका प्रसंगात चळवळीची युक्ती आहे, त्या काळातील घराघरांतील मारझोडीची सर्वांना असलेली सवय आहे (पोलिसांना त्यात काही अस्वाभाविक वाटले नाही, यावरच डाव आधारलेला होता) आणि एका तरुण स्त्रीचे धैर्य आहे. 'कन्या' या शब्दात यांतील काहीच मावत नाही. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात अशा अनेक वृद्धांच्या मुलाखती आहेत. त्यांतील बरेच जण आज हयात नाहीत.

या उदाहरणातून एक नियम हाती येतो, तो नीट ध्यानात घ्या. स्मरणलेख मृत्यूनंतर लिहिला जातो, पण त्याचे साहित्य मृत्यूपूर्वी गोळा करावे लागते. भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी करून घालणाऱ्या स्त्रियांना कोणी वेळेत विचारले नाही. आता त्यांच्या मुली ऐंशीच्या घरात आहेत. आईने चूल कितीदा पेटविली, हे सांगू शकणारी ती शेवटची पिढी आहे.

तपशिलाची निवड

विचारायचे काय, हा पुढचा प्रश्न. येथे ललित साहित्य मार्गदर्शक ठरते. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याचे. त्यांचे 'माणदेशी माणसं' हे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील व्यक्तिचित्रे मृत्युलेख नव्हेत, हे खरे. परंतु ज्या माणसांबद्दल सांगण्यासारखे काही असते असे कोणाला वाटले नव्हते, त्यांच्याबद्दल कसे सांगावे याचा वस्तुपाठ त्यांत आहे. लेखक माणसाला गुणविशेषांत बसवत नाही. तो त्याला कामात, बोलण्यात, एखाद्या अडचणीच्या क्षणी दाखवतो आणि मत वाचकावर सोडतो. स्मरणलेख लिहिणाऱ्याने ही शिस्त जरूर उचलावी. मात्र कल्पनेचा आधार घेण्याची मुभा त्याला नाही, हेही लक्षात ठेवावे.

एक उदाहरण रचून पाहू. ते सर्वस्वी काल्पनिक आहे. समजा, खटाव तालुक्यातील एका गावी पंच्याऐंशीच्या आसपासच्या एक आजी वारल्या. घरचे म्हणतात, 'आजी फार कष्टाळू होत्या, देवभोळ्या होत्या, सगळ्यांना धरून होत्या.' एवढ्यावर थांबलात तर निधनवार्ताच हाती येईल. आता या भागाचा इतिहास मनात ठेवून विचारा. साताऱ्या-सांगलीकडील हजारो पुरुष मुंबईला गिरणीत किंवा माथाडी कामात होते. आजींचे यजमान कोठे होते? मनीऑर्डर आल्यावर सोबतचा मजकूर त्यांना कोण वाचून दाखवीत असे? १९७२ च्या दुष्काळात त्या कोणत्या कामावर होत्या? १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबला, तेव्हा घर कशावर चालले? अशा प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांतून पुढीलसारखा परिच्छेद तयार होऊ शकेल :

'यजमान गिरणीत असल्याने बावीस वर्षे शेती त्यांनीच पाहिली. मनीऑर्डरीसोबतच्या चार ओळी पोस्टमन वाचून दाखवी. उत्तरात काय लिहायचे, हे त्या आदल्या रात्रीच ठरवून ठेवीत, कारण पोस्टमनला थांबायला वेळ नसे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्या कामावरची हातोडी त्यांनी अखेरपर्यंत जपली. दांडा तीन वेळा बदलला. संपानंतर यजमान कायमचे घरी आले, तेव्हा औत कोठून धरायचे हे त्यांनीच त्यांना शिकवले, असे थोरल्या मुलाने सांगितले. याबद्दल त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.'

या परिच्छेदात एकही विशेषण स्तुतीसाठी आलेले नाही. 'कष्टाळू' हा शब्द कोठेही नाही, तरी कष्ट दिसतात. त्याचबरोबर गिरण्यांचा संप आणि दुष्काळ या महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन मोठ्या घटना एका घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेल्या दिसतात. शेवटच्या दोन वाक्यांकडे विशेष लक्ष द्या. माहिती कोणी सांगितली ते लेखकाने नोंदवले आहे आणि जे आजींनी सांगितले नाही ते त्यांच्या तोंडी घातलेले नाही.

आठवणी सांगणाऱ्यांना 'त्यांचा स्वभाव कसा होता?' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमीच 'चांगला' असे येते. 'त्यांना राग कशाचा येत असे?' या प्रश्नाने माणसे बोलू लागतात. घरातील मंडळींइतकेच महत्त्वाचे साक्षीदार घराबाहेर असतात. भांगलणीला सोबत असणारी शेजारीण, दिंडीतील सोबतीण, दूध घालताना डेअरीवर रोज भेटणारा माणूस, दवाखान्यातील परिचारिका. पूर्वी मयताच्या घरी बायका हेल काढून रडत आणि त्या रडण्यात गेलेल्या माणसाच्या आयुष्यातील प्रसंग एकामागून एक येत. सुशिक्षितांनी ही रीत गावंढळ ठरवून टाकली. वस्तुतः गावातील अनेक स्त्रियांचे पहिले आणि एकमेव चरित्र त्या रडण्यातच सांगितले गेले होते, आणि ते टिपून घेण्याचे कोणाला सुचले नाही.

पडताळा आणि संयम

आठवण ही साक्ष आहे, पुरावा नव्हे. तारखांच्या बाबतीत हे फार जाणवते. जुन्या पिढीतील आश्चर्यकारक संख्येची माणसे १ जून रोजी जन्मलेली आढळतील! शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ही जन्माची नसून बऱ्याचदा गुरुजींच्या सोयीची असते. त्यापेक्षा 'मोठ्या दुष्काळात मी दुसरीत होतो', 'भूकंपाच्या वर्षी थोरली झाली' असे घटनेशी जोडलेले कथन अधिक विश्वसनीय ठरते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे थोरलीचे जन्मवर्ष सापडले. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे असते. १९६९ च्या कायद्यान्वये ती २१ दिवसांत द्यावयाची असते. त्याहून जुन्या नोंदी गाव नमुना क्रमांक १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात मिळतात आणि त्या पुष्कळदा मोडी लिपीत असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या या वह्यांना एकाएकी किंमत आली. मृतांची नोंद जिवंतांच्या हक्काशी कशी जोडलेली असते, याचे याहून ताजे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

सत्य सांगावे, पण किती? येथे प्रत्येक लेखकाला स्वतः निर्णय घ्यावा लागतो. कर्ज, व्यसन, भाऊबंदकी, आत्महत्या या गोष्टी गावाला ठाऊक असतात. त्या लेखात घालाव्यात की नाही, हे घरच्यांशी बोलून ठरवावे. घरच्यांनी नको म्हटले तर त्या गाळाव्यात. मात्र त्या जागी उलट, खोटी गोष्ट घालू नये. गाळणे आणि खोटे लिहिणे यांत मोठे अंतर आहे. भाऊबंदकीत दहा वर्षे अबोला धरलेल्या माणसाला 'सर्वांना धरून राहणारे' म्हटले, की वाचणारे गाव मनातल्या मनात हसते आणि उरलेल्या खऱ्या मजकुरावरूनही त्याचा विश्वास उडतो.

मतभेद असलेल्या व्यक्तीवर लिहिण्याची वेळ आली, तर एक जुने उदाहरण आठवावे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर १७ जून १८९५ रोजी निवर्तले. एकेकाळचे जिवलग स्नेही असलेले लोकमान्य टिळक आणि आगरकर यांच्यातील वाद तोपर्यंत विकोपास गेलेला होता. तरीही टिळकांनी 'केसरी'त आगरकरांवर मृत्युलेख लिहिला. तुम्हांला तो ग्रंथालयात मिळाल्यास अवश्य वाचा आणि वाचताना मतभेदाचा उल्लेख कोठे व किती आला आहे, याकडे पाहा.

उपक्रम

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेत साताऱ्या-सांगलीतील गावोगावी माणसे गेली. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती, कित्येक ठिकाणी घरच्यांनाही जाता आले नाही. रक्षाविसर्जनाला पाहुणे आले नाहीत, भाषणे झाली नाहीत, शेजारणी येऊन बसल्या नाहीत. त्या माणसांबद्दल बोलायचे राहून गेले आणि पुढे तो विषय काढणे अवघड होऊन बसले. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील अशी एक व्यक्ती निवडा. तुमच्या गावी तशी कोणी नसेल, तर गेल्या पाच वर्षांत वारलेली आणि जिच्यावर काहीही छापून आलेले नाही अशी व्यक्ती निवडा. शक्यतो ती तुमच्या भावकीतील नसावी.

निदान चार जणांशी बोला. त्यांतील दोघे घराबाहेरचे असावेत आणि एक तरी स्त्री असावी. बोलणे सुरू असताना लिहून घेण्यापेक्षा घरी आल्यावर त्याच दिवशी लिहा, म्हणजे समोरचा माणूस मोकळेपणाने बोलेल. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारा. व्यक्तीची सर्व नावे, जन्माचा अदमासे काळ व तो कशावरून ठरवला, आयुष्यातील मुख्य काम, दोन प्रसंग आणि तिच्या वापरातील एक वस्तू एवढे साहित्य हाती आल्याशिवाय लेखनास बसू नका. त्यानंतर पाचशे शब्दांपर्यंतचा स्मरणलेख लिहा. 'मनमिळाऊ', 'प्रेमळ', 'कष्टाळू', 'धार्मिक' आणि 'हसतमुख' हे शब्द वापरायचे नाहीत, एवढे एकच बंधन आहे.

लेख पुरा झाल्यावर प्रथम त्या घरी जा आणि मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारे मध्येच थांबवतील, 'तसं नव्हतं, असं होतं' म्हणतील, कदाचित आपसांत वाद घालतील. त्या दुरुस्त्या वेगळ्या शाईने लेखातच नोंदवा आणि तीच प्रत अभ्यासकेंद्रावर जमा करा. स्वच्छ प्रत त्या घरी ठेवा.